बिराजदार सरांची फुल रेस

छोटी स्कूटर कायम फुल रेसवर चालवली तर तिचं इंजिन खराब होतं का, या प्रश्नावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी दहावीच्या निकालावर कधी झाली नाही. निकालाचं खापर फोडायला मुलं असतात. इंजिनाची बाजू घ्यायला मात्र बिराजदार सर स्वतः हजर असत, आणि ते एकदा बोलायला लागले की मधली सुट्टी पुरत नसे.

सर भूगोल शिकवायचे आणि मी गणित. शाळा सोलापुरातली, विजापूर रोडच्या बाजूची. सर अंगानं भरभक्कम, कपाळाला विभूती, खिशात दोन पेनं आणि एक खडू. त्यांचं सगळं संथ. हजेरी घ्यायचे तर शेवटच्या मुलाला आपलं नाव येईपर्यंत डुलकी लागायची. चहा प्यायचे तर बशीत ओतून, त्यावर फुंकर घालून, मध्येच खिडकीबाहेर बघून. बोलताना एका वाक्यात दोनदा थांबायचे. कुणी भांडायला आलं तरी पूर्ण ऐकून घ्यायचे आणि शेवटी "होगली बिडु" म्हणायचे. म्हणजे जाऊ दे, सोड. घरची कानडी त्यांच्या मराठीत अशी अधूनमधून डोकावायची.

हाच माणूस स्कूटरवर बसला की मूठ शेवटपर्यंत पिळायचा. शेवटपर्यंत म्हणजे जिथं ती पुढं फिरायची थांबते तिथपर्यंत. गल्लीतून निघताना तेच, हमरस्त्यावर तेच, आणि शाळेच्या फाटकात शिरतानाही तेच. थांबायचं असेल तर रेस तशीच ठेवून ब्रेक दाबायचे. त्यामुळे गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहायची आणि शिपाई फाटकामागं जाऊन लपायचा.

आता कुणाला वाटेल की सर भन्नाट वेगानं जात असतील. छे! स्कूटर कॉलेजच्या मुलींसाठी काढलेली, राणी रंगाची, अगदी चिमुकली. सर बसले की मागून ती दिसायचीच नाही. भूगोलाचे शिक्षक हवेत बसून चालले आहेत असं वाटायचं. फुल रेसवर ती बिचारी जीव तोडून ओरडायची आणि पुढं सरकायची बेताची. उताराला आमच्या आठवीतली पोरं सायकलवरून "नमस्कार सर" म्हणत पुढं निघून जायची. सर मान हलवून नमस्कार घ्यायचे. मूठ सोडता येत नसल्यानं हात कधी वर व्हायचा नाही.

गाडी खरं तर सरांची नव्हतीच. त्यांनी ती महानंदा वहिनींसाठी घेतली होती. कागदावर नाव वहिनींचं, रंग वहिनींनी निवडलेला. वहिनींनी हौसेनं हळदकुंकू वाहिलं, हार घातला, लिंबू चिरडायला चाकाखाली ठेवलं आणि "मी नाही बसणार पुढं" म्हणून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. तेव्हापासून सर पुढं आणि वहिनी मागं. वहिनींचा सबंध संसार "अहो, कमी करा की, इंजिन जाईल" हे एकच वाक्य सरांच्या पाठीला सांगण्यात चालला होता. ते वाक्य वरच्या आवाजात सुरू झालं की पुढचं भांडण दोघं कानडीत करायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. त्यांच्या अख्ख्या गल्लीला कानडी येत होती.

स्टाफरूममध्ये सरांच्या विरोधी पक्षाचे नेते म्हणजे विज्ञानाचे देशपांडे सर. यांच्या स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. काटा चाळिसाच्या पुढं जाऊ द्यायचा नाही हे त्यांचं व्रत. देशपांडे सर खडू घेऊन फळ्यावर सिलिंडर काढायचे, त्यात पिस्टन काढायचे, बाजूला बाण काढून 'उष्णता' असं लिहायचे. सर शांतपणे बशीतला चहा संपवायचे आणि म्हणायचे, "देशपांडे, कंपनीनं मूठ एवढी फिरती ठेवलीया ती काय शोभेला? इंजिन खराब होत असतं तर अर्ध्यावर खिळा मारला असता की!"

"अहो, पण एखादा माणूस सतत पळतच राहिला तर काय होईल?" देशपांडे सरांनी एकदा हातघाईवर येऊन विचारलं.

सरांनी जरा विचार केला. स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. "बारीक होईल," ते म्हणाले.

तो तास कुणीच वेळेवर घेतला नाही.

शेवटी निवाड्यासाठी प्रकरण सलीमभाईंकडं गेलं. सलीमभाई म्हणजे दोघांच्याही गाड्यांचे मेकॅनिक. देशपांडे सर विचारून आले आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "सलीमभाई म्हणतात, फुल रेसनं इंजिनाची वाट लागते." संध्याकाळी बिराजदार सर विचारून आले. त्यांना सलीमभाईंनी सांगितलं होतं, "कुच नै होता सर, बिनधास खींचो." पुढं माझी गाडी पंक्चर झाली तेव्हा मी सलीमभाईंना गाठलंच. खरं काय ते सांगा म्हटलं. ते ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होते. म्हणाले, "बाई, टाइम पे आइल डालो, इतनाच है. और दोनो सरां मेरे गिऱ्हाइक है, कायकू नाराज करना?"

एका बाबतीत मात्र बिराजदार सरांनी माघार घेतली. उष्णता. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणूसच उकडून निघतो तिथं इंजिनाचं काय होत असेल, हा देशपांडे सरांचा मुद्दा त्यांच्या मनाला लागला. एप्रिलमध्ये एके दिवशी सर शाळेत आले ते इंजिनाभोवती ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळून. माठाला आपण ओलं फडकं गुंडाळतो ना, तसा. वर सुतळीनं बांधलेला. "आता बोला," असं म्हणून त्यांनी देशपांडे सरांना खाली नेऊन दाखवलं. देशपांडे सर बराच वेळ टॉवेलाकडं बघत राहिले. त्यांच्या पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नसावं.

त्याच दुपारी सात रस्ता चौकात, ऐन गर्दीत, टॉवेलातून वाफ निघायला लागली. सरांना वाटलं, उपाय लागू पडतोय. मग वाफेचा धूर झाला. शेजारच्या रिक्षावाल्यानं "ओ काका, पेटली, पेटली!" म्हणून आरडाओरडा केला. उसाच्या रसाच्या गाड्यावरून एकजण बादली घेऊन धावला आणि त्यानं ती स्कूटरवर न ओतता सरांवर ओतली. बादलीत चिपाडं धुतलेलं पाणी होतं. पोलीस आला. सर नखशिखांत भिजलेले, अंगाला उसाचा वास, आणि मूठ अजून पिळलेलीच. पोलिसानं विचारलं, "हे काय करलालाव काका?" सर म्हणाले, "प्रयोग." टॉवेलाला मोठं भोक पडलं होतं. वहिनींनी तो पुढं पायपुसणं म्हणून दाराशी टाकला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या भोकाचा इतिहास सांगितला. इंजिनाला काही झालं नाही. त्यामुळे सरांची खात्री पटली की उष्णतेचा मुद्दाही खोटा होता.

सरांची आणखी एक ख्याती होती. आमच्या शाळेतल्या निम्म्या बायकांना स्कूटर त्यांनीच शिकवली. होम मैदानावर, सकाळी, फिरायला येणाऱ्यांच्या शिव्या खात. शिकवण्याची पद्धत एकच. गाडी मधोमध उभी करायची, शिकणारीला बसवायचं आणि सांगायचं, "पीळ पूर्ण." मीही त्यातलीच. मी घाबरून मूठ जेमतेम हलवली की गाडी दोन हात जाऊन डुगडुगायची आणि कलायची. सर मैदानाच्या टोकाकडून ओरडायचे, "बाई, अर्ध्यावर का थांबलालाव? अर्ध्या रेसवर माणूस पडतो! पुरी पिळा, गाडी आपोआप सरळ होतीया!" मी डोळे मिटून पुरी पिळली. गाडी खरंच सरळ झाली आणि सरळ जाऊन भेळेच्या बंद गाड्याला थडकली. सर संथपणे चालत आले, मला उठवलं, माझा चष्मा शोधून दिला आणि म्हणाले, "बघा, सरळ गेली का नाही?" मला इतका राग आला होता की हसूच यायला लागलं. पण दोन दिवसांनी मी एकटी घरापर्यंत गेले. नवरा चाळीस वर्षांचा झाला तरी मला मागच्या सीटवर बसवून फिरवत होता, ते त्या दिवसापासून बंद झालं. त्याबद्दल मी सरांची कायमची ऋणी आहे आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. "होगली बिडु," म्हणाले.

शिकली नाही ती एकटी त्यांची बायको.

आता सर दर रविवारी त्या गाडीवरून मंगळवेढ्याकडं जायचे, तो भाग सांगायला हवा. माचणूरच्या पुढं हमरस्ता सोडून काळ्या रानात त्यांची वस्ती होती. तिथं त्यांची आई राहायची. अव्वा. शहरात यायला तयार नव्हती. तिला फोन घेऊन दिला होता, पण ती फोन कानाला लावायची, आपलं सगळं सांगून टाकायची आणि समोरचा बोलायला लागला की ठेवून द्यायची. तिचा खरा फोन म्हणजे सरांची स्कूटर. फाट्यावरून गाडी रानाच्या वाटेला लागली की फुल रेसचा तो केकाटणारा आवाज सपाट रानातून थेट वस्तीपर्यंत पोचायचा. तो ऐकला की अव्वा तव्यावर भाकरी टाकायची. सर गाडी लावून हातपाय धुवून येईपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची. सर हे सोमवारी स्टाफरूममध्ये असं काही सांगायचे की देशपांडे सरही खडू खाली ठेवायचे.

जेवायला वाढताना अव्वा दर रविवारी एकच प्रश्न विचारायची, "डोळ्याला नीट दिसतंय न्हवं?" सर "दिसतंय की," म्हणायचे. त्यांच्या वडिलांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. धडधाकट माणूस बाजेवर बसला तो पुन्हा वस्तीच्या बाहेर पडला नाही. अव्वानं ते सगळं बघितलं होतं. म्हणून तो प्रश्न.

आम्हाला पहिली शंका आली ती भारताच्या नकाशावरून. सर फळ्यावर नकाशा काढायचे तो हात न उचलता, पुस्तकात न बघता. एकदा त्यांनी नकाशा काढला आणि मुलं हसायला लागली. सौराष्ट्र काढायचं राहून गेलं होतं. गुजरात सरळ खाली उतरला होता, भिंतीसारखा. सर स्वतःही हसले. म्हणाले, "वाहून गेलं समुद्रात." मग लोक तक्रार करायला लागले की सर हल्ली ओळख देत नाहीत, बाजूनं गेलं तर बघतसुद्धा नाहीत, मोठे झालेत. आम्ही त्यावरून त्यांची थट्टाही केली.

मग एकदा माझी गाडी बंद होती म्हणून मी त्यांच्या मागं बसून चालले होते. विजापूर वेशीजवळ रस्त्याच्या डाव्या कडेला पेरूचा हातगाडा उभा होता. मला तो लांबून दिसत होता. सरांनाही दिसत असेल असं मी धरून चालले. आम्ही थेट त्यात घुसलो. फार लागलं कुणालाच नाही. पेरू मात्र रस्ताभर पळाले आणि एका म्हशीनं त्यांतले बरेच वेचले. गाडेवाला ओरडला, "एवढा गाडा उबा हाय, दिसत न्हाय व्हय?" सर म्हणाले, "कुठनं आलास रं मध्येच?" तो म्हणाला, "सकाळपास्नं हितंच हाय की!" सर खाली बसून पेरू गोळा करायला लागले. त्यांच्या डाव्या हाताशी पडलेले पेरू त्यांना सापडत नव्हते. नेहमीचं "होगली बिडु" त्या दिवशी त्यांच्या तोंडून आलं नाही. मला रडू आलं.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय, गेलेलं परत येणार नाही. आहे ते थेंब घालून टिकवायचं. गाडी चालवायची नाही, आजपासून.

सरांनी ते नेहमीप्रमाणे पूर्ण ऐकून घेतलं आणि खरोखरच त्या दिवसापासून मूठ सोडली. शाळेत रिक्षानं यायला लागले. देशपांडे सरांनी वादाचा विषय काढायचं बंद केलं. स्टाफरूममध्ये इतकी शांतता झाली की नको वाटायचं. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा सर मला म्हणाले, "बाई, शाळेचं काय न्हाई ओ, रिक्षा हाय. पण अव्वा? एखादा रविवार न्हाई गेलो तर चालंल. दुसऱ्या रविवारी ती वडापच्या जीपमध्ये बसून हितं येईल आणि माझ्या तोंडाकडं बघंल. एसटीनं गेलो तर विचारंल, एसटीनं का आलास? तिला कळलं तर माझ्या आधी तीच बाजेवर बसंल."

हे वहिनींनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साडी खोचून होम मैदानावर हजर. "गाडी माझी आहे," त्या म्हणाल्या. "कागदावर नाव माझं आहे. आता मी चालवणार. आणि इंजिनही माझंच आहे, त्यामुळं अर्ध्या रेसवर चालवणार."

तो सोहळा बघायला आम्ही सगळ्या शिष्या गेलो होतो. सर मागच्या सीटवर, दोन्ही पाय जमिनीला लावून. "तिरुवु!" सर ओरडायचे. म्हणजे पीळ. "गप्प बसा," वहिनी मराठीत म्हणायच्या, सगळ्यांना कळावं म्हणून. त्या पडल्या नाहीत. अर्ध्या रेसवर माणूस पडतो या सिद्धान्ताचा त्यांनी आठवडाभरात निकाल लावला. सरांना मागं घेऊन त्या शाळेच्या फाटकात पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीचा आवाजच आला नाही. शिपाई सवयीनं लपला होता तो गोंधळून बाहेर आला. देशपांडे सर पुढं होऊन म्हणाले, "वहिनी, शास्त्रशुद्ध चालवता तुम्ही." सर मागच्या सीटवरून उतरत होते. त्यांचं तोंड अगदी एवढंसं झालं होतं.

पहिल्या रविवारी दोघं वस्तीवर गेली तेव्हा चूल थंड होती. अर्ध्या रेसचा आवाज अव्वापर्यंत पोचलाच नव्हता. ती खुरपं घेऊन मागच्या रानातून आली आणि "कोन हाय?" म्हणाली. सरांनी सांगितलं, गाडी बिघडलीया, ताण घेत न्हाई, म्हणून हिला सवय करायला दिली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अव्वानं पुन्हा विचारलं, "अजून बिगडलेलीच हाय?" भाकरी झाली, जेवणं झाली. त्या दिवशी अव्वानं डोळ्यांचं विचारलं नाही. सरांना तेच जास्त लागलं. विचारत होती तोवर तिला खात्री नव्हती, आता झाली, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

तेवढ्यात जानेवारी आला आणि हुरड्याचं निघालं. दर वर्षी आमचा स्टाफ सरांच्या रानात हुरडा खायला जायचा. आम्ही जीप ठरवली. सरांना म्हटलं, तुम्ही दोघंही जीपमध्येच चला. सर नाही म्हणाले. मग पुढं वहिनी आणि सर स्कूटरवर, मागं आम्ही जीपमध्ये, अशी वरात निघाली. वहिनींच्या शास्त्रशुद्ध वेगामुळं जीपवाला कामतीपर्यंत शिव्या देत होता आणि बेगमपूरच्या पुलावर त्यानं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

फाट्यावर वहिनींनी वळून गाडी थांबवली. मागं आमची जीप थांबली. दोघांची कानडी सुरू झाली. आम्ही ऐकत होतो, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वहिनी म्हणत होत्या, रस्ता कच्चा आहे, ढेकळं आहेत, गाडी जुनी झाली, इंजिन गेलं तर पुन्हा गाडी नाही, गाडी नाही तर आपण दोघंही घरात. यात खोटं काहीच नव्हतं. सर एकदम मराठीत म्हणाले, "महानंदा, तिला इंजिनाचं काय पडलंय गं? त्या आवाजात ती मला ऐकती."

वहिनींनी पदर पुन्हा खोचला. पुढं बघितलं. आणि मूठ पिळली.

पूर्ण नाही. अर्ध्याच्या जरा पुढं. गाडी कुरकुरली. मग आणखी. आमच्या जीपमध्ये सगळे पुढं वाकले होते. आणि अचानक देशपांडे सर, चाळिसाच्या पुढं कधीही न गेलेले देशपांडे सर, खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर आले आणि हात हलवत ओरडले, "अजून वहिनी! अजून! काही होत नाही इंजिनाला, पिळा!"

वहिनींनी शेवटपर्यंत पिळली. तो आवाज! दोन्ही बाजूंना कणसांनी लगडलेली ज्वारी, मधून काळी वाट, आणि तिच्यावरून ती राणी रंगाची स्कूटर जीव खाऊन ओरडत चाललेली. बगळे उडाले. एका रानातला माणूस मचाणावर उठून उभा राहिला. वाटेत बाभळीपाशी एक वळण होतं, तिथं वहिनींनी जरा रेस कमी केली, लगेच पुन्हा पिळली. सरांनी दोन्ही हातांनी मागची दांडी धरली होती आणि तोंड वर केलं होतं. ते हसत होते का काय, धुळीत कळलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा चुलीतून धूर येत होता. सर घाईघाईनं मागच्या सीटवरून उतरून हँडलपाशी जाऊन उभे राहिले होते, जणू आत्ताच गाडी लावली. अव्वा दारात आली. लहानखुरी, पदर डोक्यावर, हाताला पीठ. आमच्याकडं बघून "या की, बसा की," म्हणाली आणि आत गेली. सरांनी 'जिंकलो' अशा नजरेनं आमच्याकडं बघितलं.

ताटं मांडली. पहिली फुगलेली भाकरी घेऊन अव्वा आली. ती दर वेळी सरांच्या ताटात पडायची. या वेळी ती सरांना ओलांडून गेली आणि भाकरी वहिनींच्या ताटात टाकली. वर तुपाची धार धरली.

"बाबळीपाशी आवाज दबला," अव्वा म्हणाली. "ह्यो कदी दाबत न्हाई."

सर ताटाकडं बघत राहिले. अव्वा वहिनींच्या समोर बसली.

"त्येंचं बी डोळं असंच गेलं," ती म्हणाली. "सायकल हुती घरात. नवी हुती. भितीला लावून ठिवली, तितंच गंजली. मला कुटं येत हुती चालवाय?" मग वहिनींच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "लई ब्येस चालवती गं. खा."

वहिनी रडायला लागल्या. देशपांडे सर चष्मा पुसायला बाहेर गेले. सर मात्र तसेच संथपणे बसून होते. मग म्हणाले, "अव्वा, मला भाकरी?" अव्वा म्हणाली, "मागं बसून आलास न्हवं? थांब मग जरा." आणि सगळे एकदम हसलो.

हुरडा पोटभर झाला. आगटीत कणसं भाजून, तळव्यांवर चोळून, शेंगाचटणीबरोबर. ऊन कलायला लागलं तसं निघालो. अव्वा स्कूटरपाशी आली. सरांना म्हणाली, "मागं नीट धरून बस." वहिनींना म्हणाली, "फाट्यापर्यंत पीळ. म्हंजी मला कळंल, लागला रस्त्याला."

सर पुढं निवृत्त झाले आणि दोघं अक्कलकोटकडं, वहिनींच्या माहेरच्या गावाला राहायला गेली. तिथून गाडी अव्वाकडं जाते, इंजिन अजून चालू आहे, आणि ते फुल रेसमुळं टिकलं की अर्ध्या रेसमुळं, हा वाद आता देशपांडे सर स्वतःशीच घालतात. मला सर आठवतात ते त्या संध्याकाळचे. मागच्या सीटवर बसलेले, राणी रंगाच्या गाडीवर मावत नसलेले, ज्वारीतून लांब लांब जाणारे. आमची जीप मुद्दाम मागं थांबली होती. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. अव्वा एक हात कानामागं धरून अंगणात उभी होती. आवाज हमरस्त्याच्या ट्रकांत मिसळून गेला, तेव्हा तिनं हात खाली घेतला आणि चुलीतला जाळ विझवायला आत गेली.